पन्नास अंशांचे ट्रक आणि वाळूजच्या पाचरी

लाँगबोर्डचे ट्रक, म्हणजे फळीखाली चाकं धरणारे आणि झुकलं की वळणारे भाग: डाउनहिलला (वेगात घाट उतरायला) त्यांची एक जोडी आणि स्लालमला (शंकूंच्या रांगेतून नागमोडी जायला) दुसरी, असं दोनदा पैसे घालायचं काही कारण नाही. निदान आपल्याकडे, जिथे बोर्डच मुळात बाहेरून मागवावा लागतो, तिथे तर नाहीच. कास्ट (ओतीव), 180 मिलिमीटर रुंदीची, 50 अंशांची एक चांगली जोडी घ्या. उरलेल्या पैशांचे बुश, म्हणजे ट्रकमधले रबरासारखे गोल तुकडे, घ्या. आणि एक दिवस काढून संभाजीनगरजवळ वाळूजला चाचांच्या मशीन वर्कशॉपमध्ये जाऊन ट्रकखाली घालायच्या पाचरी कापून आणा. हा रिव्ह्यू ट्रकचा आहे तितकाच चाचांच्या कामाचा आहे, कारण नुसते ट्रक घेऊन काम निम्मंच होतं.

माझ्याकडे पॅरिस कंपनीचे व्ही-थ्री आहेत, 180 आणि 50 अंश. रिव्हर्स किंगपिन, म्हणजे किंगपिन (ट्रकचे भाग आणि बुश एकत्र धरणारी बोल्टसारखी पिन) बोर्डाच्या मध्याकडे न वळता बाहेर, नाकाकडे आणि शेपटीकडे तोंड करून बसलेली. लाँगबोर्डवर ही मांडणी रँडलच्या ट्रकांनी रूढ केली आणि आता पॅरिस, कॅलिबर, बेअर सगळे तीच वापरतात. रस्त्यावरच्या साध्या स्केटबोर्डचे ट्रक वेगळे. ते उड्या मारायला आणि कठड्यावर घासत जायला बनवलेले असतात. त्यांच्यावर घाट उतरायच्या फंदात पडू नका. पॅरिसबद्दल माझं मत सरळ आहे: हँगर (एक्सलचा आडवा भाग) सरळ, बेसप्लेट (फळीला बोल्टने बसणारा भाग) पक्की, पिव्होट कपात (हँगरचं टोक बसतं त्या वाटीत) सुरुवातीपासून प्ले नाही. मी वाळूजमध्येच एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीत आहे, त्यामुळे डबा उघडला की आधी व्हर्नियर लावायची सवय. एक्सल 8 मिलिमीटर, 608 बेअरिंग न डगमगता बसतं. कास्ट मालाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा मी करत नाही.

आता अंशांचं. 50 हा आकडा म्हणजे ट्रक ज्या अक्षाभोवती वळतो त्याचा कल. अंश जास्त तर तेवढ्याच झुकण्यात चाकं जास्त वळतात. गणित करून बघा: बोर्ड 10 अंश झुकवला, तर 50 अंशांचा ट्रक साधारण 12 अंश वळतो, 35 चा फक्त 7 आणि 57 चा चक्क 15. सगळा खेळ या तीन आकड्यांत आहे. स्लालममध्ये पुढचा ट्रक चपळ लागतो, कारण रस्त्यावर मांडलेले शंकू चुकवायचे असतात. मागचा मात्र पुढच्याच्या मागे गुमान यायला हवा, म्हणजे वळताना पायाने दाब दिला की बोर्ड पुढे सरकतो. मागचाही तेवढाच वळायला लागला की शेपूट घसरते आणि दाब वाया जातो. डाउनहिलला दोन्ही मंद हवेत, पण मागचा पुढच्यापेक्षा मंद. वेगात जी थरथर सुरू होते, ती वाढवण्यात बहुतेक वेळा मागच्या ट्रकचा हात असतो. वजन पुढच्या पायावर आणि मागचा ट्रक कमी अंशांचा, एवढं केलं तरी निम्मी भीती जाते.

म्हणून मला हवं होतं ते असं: स्लालमला पुढे 57, मागे 35. डाउनहिलला पुढे 43, मागे 35. मागचा कायम तोच. पुढची 7 अंशांची पाचर एका बाजूने बसवली की स्लालम, उलटी फिरवली की डाउनहिल. पाचर म्हणजे डेक (फळी) आणि बेसप्लेटच्या मध्ये बसणारा तिरका तुकडा. पुढच्या ट्रकखाली जाड बाजू बोर्डाच्या मध्याकडे ठेवली तर अंश वाढतात, नाकाकडे ठेवली तर घटतात. मागे शेपटीकडे जाड बाजू म्हणजे अंश कमी. तयार पाचरी मिळतात, पण त्या ठरावीक मापांच्या, बऱ्याचदा मऊ प्लास्टिकच्या, आणि मला दोन्ही ट्रकांची उंची एकसारखी हवी होती.

चाचांचं वर्कशॉप छोट्या पंढरपूरच्या अलीकडे, आतल्या गल्लीत आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आणि कोपऱ्यात चहाच्या ग्लासांशेजारी डायल गेज. कामं सगळी कंपन्यांच्या जॉबवर्कची, फिक्श्चर, बुश, पिन असली. मी ट्रक टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी तो उचलून हँगर दोन्हीकडे दाबून बघितला.

"बेटा, हे कशाचं सस्पेन्शन हाय?"

"बोर्डाचं, चाचा. यावर उभं राहून घाट उतरायचा."

"ब्रेक?"

"पाय."

"घरच्यांना ठाऊक हाय का?" एवढं विचारून ते कामाला लागले. डेल्रिन, म्हणजे एक कडक प्लास्टिक, वापरायचं हे त्यांनीच ठरवलं: अॅल्युमिनियमपेक्षा हलकं, नायलॉनसारखं पाणी पीत नाही, आणि मिलिंगवर कडा स्वच्छ येतात. पुढची पाचर पातळ बाजूला 8 आणि जाड बाजूला साधारण 18 मिलिमीटर. मागची 15 अंशांची, 3 पासून 24 पर्यंत. मध्यावर दोन्ही सारख्याच, 13 च्या आसपास. बोर्ड सपाट राहतो.

मला खरं कौतुक आहे ते भोकांचं. मी कागदावर भोकं डेकला काटकोनात काढली होती. चाचांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने दुसरा आडवा छेद काढला. भोक डेकला काटकोनात पाडलं तर नट बेसप्लेटवर 15 अंश तिरका बसणार, एकाच कडेवर दाब येणार, आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट) असला तरी कधीतरी ढिला होणार किंवा बोल्ट वाकणार. बेसप्लेटला काटकोनात पाडलं तर बोल्टचं डोकं डेकवर तिरकं. म्हणून कल दोघांत वाटून टाकायचा: साडेसात इकडे, साडेसात तिकडे, आणि नटाखाली जाड वायसर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तयार पाचरींमध्ये कधी दिसलंही नाही. मटेरियलसकट त्यांनी अकराशे घेतले. वर पंचवीस मिलिमीटरचे चार सपाट वायसर फुकट टर्न करून दिले.

बोल्ट मात्र तुम्हालाच शोधावे लागतील. ट्रकसोबत येणारे पाचरीला पुरत नाहीत. मोंढ्यात एम-5 चे काउंटरसंक बोल्ट सहज मिळतात. मला पुढे 35 आणि 40, मागे 30 आणि 45 लांबीचे लागले, कारण पातळ आणि जाड बाजूला लांबी वेगळी. नायलॉक नटाला 8 चा पाना. उरलेले ट्रकचे नट इंची मापाचे आहेत: एक्सलच्या नटाला 13 चा पाना चालून जातो, पण किंगपिनचा नट नऊ सोळांश इंच, म्हणजे 14.29 मिलिमीटर. 14 अडतो, 15 घसरतो आणि कोपरे खातो. तो एक इंची पाना घ्याच, त्यात काटकसर नको.

आता बुश. ट्रक कुठल्याही कंपनीचा असो, सोबत येणारे बुश सरासरी माणसासाठी असतात आणि सरासरी माणूस कधी दुकानात येत नाही. माझं वजन 58 किलो. हाच ट्रक 85 किलोच्या पोराला कापसासारखा वाटेल. बुशचा कडकपणा शोअर ए वर मोजतात, आकडा मोठा तितका बुश कडक. स्लालमला मी पुढे डेकच्या बाजूला 85 चा बॅरल (सरळ गोल बुश) आणि रस्त्याच्या बाजूला त्याहून मऊ कोन (शंकूसारखा निमुळता बुश) वापरते. निमुळत्या बुशमुळे मध्यावरून ट्रक पटकन सुटतो. मागे दोन्ही बॅरल, 87. डाउनहिलला पुढे 87-87 बॅरल, मागे डेकच्या बाजूला 90, रस्त्याच्या बाजूला 87, आणि वायसर सपाट नाही, वाटीचा, म्हणजे बुश वाटेल तसा फुगत नाही. ज्यांचं वजन जास्त त्यांनी इथून वर जायचं, दोन-तीन आकड्यांच्या टप्प्यांनी.

इथे एक तक्रार आहे. एका ऑनलाइन दुकानाने 90 म्हणून पाठवलेला जोड मला हाताला मऊ लागला. कंपनीच्या लॅबमध्ये कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर आहे. जेवणाच्या सुट्टीत टेकवला तर काटा 83 वर. दुसऱ्या बाजूने टेकवला, तोच आकडा. दुकानदाराचं उत्तर आलं, "मॅडम, लाल रंगाचा म्हणजे हार्डच असतो." रंगावर जाऊ नका. ज्या बुशवर आकडा छापलेला नाही तो घेऊच नका. व्हेनम आणि रिपटाइडचे बुश महाग आहेत, पण कडकपणा आणि आकार निवडून घेता येतात.

नट घट्ट करून मऊ बुशला कडक करता येतं असा एक समज आहे. येतं, पण मग तो वळत नाही, नुसता दबून राहतो, आणि शेवटी कडेने फाटतो. किंगपिनच्या आट्यांत एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण 1 मिलिमीटर. वायसर हाताने फिरायचा थांबला की तिथून पाव-अर्धा फेरा, फार तर एक. त्याहून जास्त लागत असेल तर बुश बदला.

मराठवाड्याचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे, ऊन. बुशचं युरेथेन तापलं की नरम पडतं. मे महिन्यात बोर्ड गाडीच्या डिकीत ठेवून दुपारी काढला, तर जानेवारीच्या पहाटे घट्ट वाटणारी मांडणी अक्षरशः लुळी झालेली असते. बाहेरच्या लोकांचे वजन आणि कडकपणाचे तक्ते त्यांच्या हवेतले आहेत. उन्हाळ्यात मी मागचा बुश एक पायरी कडक करते आणि बोर्ड ओल्या गोणपाटात गुंडाळून नेते. हसायचं तर हसा.

चालवून कसं वाटतं? स्लालमची जागा आमची बीड बायपासच्या पलीकडे, शहरातल्याच सातारा परिसरातल्या एका नव्या ले-आउटमधला सिमेंटचा रस्ता. प्लॉट पाडलेत, घरं अजून नाहीत, उतार बेताचा. शंकू म्हणून चहाचे कागदी कप, आत चिमूटभर खडी. कपांमधलं अंतर सहा फूट ठेवलं की 50-50 च्या मांडणीत मी मधेच दम सोडायची. बोर्ड वळायचा, पण वेग मरायचा. 57-35 वर पहिल्या काही कपांतच फरक कळतो. पुढचं चाक कपाच्या कानाशी जातं, मागचं आतून निघतं आणि प्रत्येक वळणाला थोडा ढकलल्यासारखा वेग मिळतो. 180 चा हँगर स्लालमला रुंदच आहे, हे खरं. स्पर्धेतली माणसं 105 ते 130 मिलिमीटरचे, मशीनवर कापलेले ट्रक वापरतात आणि ते पायाखाली वेगळेच लागतात. पण त्यांच्या एका जोडीच्या पैशात आपल्याकडे सेकंडहँड स्कूटी येते.

डाउनहिलला म्हैसमाळचा रस्ता. हिवाळ्यात, फटफटताना, पुढे मैत्रीण स्कूटीवर शिट्टी घेऊन, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट आणि हातमोजे घालून. शनिवारी नाही, कारण खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते आणि गाड्या पहाटेपासून वर-खाली करतात. पावसाळ्यात तर नाहीच. कन्नडच्या औट्रम घाटाचं नावही काढू नका, तो महामार्गाचा घाट आहे. 43-35 वर बोर्ड सरळ रेषेत शांत राहतो. मोबाइलच्या जीपीएसवर ताशी 50 किलोमीटर दिसत असतानाही गुडघे आखडत नाहीत. वळणावर मात्र आधीपासून झुकावं लागतं, आयत्या वेळी वळवायला गेलात तर तो ऐकत नाही. मला हे आवडतं. स्लालममधून थेट इथे येणाऱ्याला पहिल्या वळणावर धाप लागेल.

पाचरींचा तोटाही आहे आणि तो छोटा नाही. बोर्ड 13 मिलिमीटर उंच होतो. पायाने ब्रेक लावताना जास्त खाली वाकावं लागतं, मांड्या लवकर भरतात, आणि स्लाइड मारताना (बोर्ड आडवा घसरवून वेग कमी करताना) बोर्ड लवकर उलटू बघतो. मी सुरुवातीचे दोन उतार मुद्दाम अर्ध्या वेगाने घेते. शिवाय हे फक्त वरून बसवलेल्या ट्रकांना चालतं. डेकच्या खाचेतून आरपार बसणाऱ्या ट्रकांना अशी पाचर घालता येत नाही. ज्याला फक्त डाउनहिलच करायचं आहे त्याने सरळ कमी अंशांची जोडी घ्यावी, पॅरिसचीच 43 ची येते. पाचर माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना एकाच बोर्डावर दोन्ही हवं आहे आणि अॅलन की फिरवायचा कंटाळा नाही.

चाचांकडे जायचं असेल तर नुसता फोटो नेऊ नका, ते परत पाठवतात. ट्रक, डेक आणि बोल्ट तिन्ही न्या. बेसप्लेटला सहा भोकं असतील तर कुठली चार वापरणार ते खुणेने दाखवा. महिनाअखेरीला कंपन्यांचं काम अंगावर असतं, तेव्हा आठ-दहा दिवस लागतात. एरवी तिसऱ्या दिवशी जॉब हातात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद.