ल्यों सिटी कार्ड: एका दिवसासाठी घ्यावं का?

फ्रान्समधल्या ल्यों शहरात संग्रहालयं आणि शहर वाहतूक यांसाठी मिळणारा हा एकत्र पास. एकट्याने फिरताना दिवसात दोन-तीन संग्रहालयं पाहणार असाल तरच हे कार्ड घ्या. मेट्रो, ट्राम, बस आणि फूर्व्हिएर टेकडीची केबल रेल्वे त्यात येते. विमानतळाला जाणारी रोनएक्स्प्रेस ट्राम साध्या कार्डात नाही. टेकडीवरची बॅसिलिका, रोमन रंगमंदिर आणि जुन्या ल्योंमधले त्राबूल, म्हणजे घरांच्या पोटातून जाणारे बोळ, एरवीही फुकटच. त्यांतला लांबलचक आणि फार देखणा बोळ ५४, र्यू सँ-जाँ इथे सुरू होतो. सकाळीच जा; आत लोक राहतात, आवाज नको.

चूक होते ती वाराची. सोमवारी काँफ्ल्यूआंस आणि ल्युमिएर ही संग्रहालयं बंद, मंगळवारी ललितकला संग्रहालय. बुधवार ते रविवार निवडा. गाइडसोबतच्या फेरीची जागा आधी राखून ठेवा, नुसतं कार्ड दाखवून भागत नाही.