वर्गाच्या ब्लॉगसाठी ब्लॉगर: चार वर्षं वापरल्यावर

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरी-चौथीचा वर्ग. चार वर्षं झाली, वर्गाचा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर चालवतेय. कुणी शिक्षकाने विचारलं की ब्लॉग काढू का, तर लगेच चार जण म्हणतात आता ब्लॉग कोण वाचतं, व्हॉट्सॲप ग्रुप आहे की. ग्रुप आमचाही आहे, सुट्टीची सूचना, लसीकरण, उद्या डबा आणा, यासाठी ग्रुपच बरा. पण लेकरांचं काम दाखवायला तो कामाचा नाही, शंभर गुड मॉर्निंगखाली दोन दिवसात गाडलं जातं.

आणि आमच्याकडे अजून एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळी झाली की गावातली कितीतरी घरं बंद होतात, टोळ्या ऊसतोडीला जातात, लेकरं आजीआजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, आईबाप येणार थेट पाडव्याच्या आसपास. दर हंगामाला नंबर बदलतात, ग्रुपमध्ये कोण राहिलं कोण गेलं पत्ता लागत नाही. ब्लॉगचा पत्ता मात्र तोच राहतो. जाण्याआधी पालक सभेत प्रत्येकाच्या फोनवर लिंक उघडून होम स्क्रीनवर आयकॉन ठेवून देते, दोन मिनिटाचं काम आहे, पण हे केलं नाही तर बाकी सगळं वाया.

मागच्या हंगामात चौथीतल्या एका मुलीने शेळीवर आठ ओळी लिहिल्या, मी वहीच्या पानाचा फोटो काढून टाकला. रात्री साडेनऊला तिच्या वडिलांचा फोन, कोल्हापूरकडच्या फडावरून, "मॅडम, शेळी व्याली व्हय? दोन पिल्लं झाली म्हणून लिव्हलंय पोरीनं, घरनं कुणी सांगितलंच नाही." मग त्यांनी खाली कॉमेंट टाकली, बहुतेक टोळीतल्या कुणा पोराकडून टाईप करून घेतली असेल, "छान लिव्हलं बाळा, दोनी पिल्लं ठेव इकू नको". दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात वाचून दाखवली तर तिने ती वहीत उतरवून घेतली आणि त्या आठवड्यात न सांगता अजून दोन पानं लिहून आणली. शुद्धलेखनाचे कितीतरी तास घेतलेत मी, असं कधी झालं नव्हतं.

आता ब्लॉगरबद्दल. पैसे लागत नाहीत, आणि आपण जाहिराती चालू केल्या नाहीत तर जाहिराती येत नाहीत, शाळेसाठी हे फार महत्त्वाचं. १९९९ पासूनची सेवा आहे, २००३ ला गूगलने घेतली, दिसायला जुनाट वाटते पण साधं टेम्प्लेट, म्हणजे पानाची तयार मांडणी, ठेवलं तर दोन काड्यांच्या रेंजमध्येही पान उघडतं. पोस्ट शेड्यूल करता येते, मी रविवारी बसून आठवड्याचं लावून ठेवते. टायपिंगचं टेन्शन नको, फोनवरच्या जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठीत बोलायचं आणि मग चुका दुरुस्त करायच्या. प्रत्येक पोस्टला विषयाचं लेबल मात्र पहिल्या दिवसापासून लावा, आमचं 'आमचं लिखाण', 'परिसर', 'परिपाठ' असं आहे, आईबापाला थेट 'आमचं लिखाण' दाबलं की झालं.

कॉमेंटला अनामिक चालू ठेवलंय कारण फडावरच्या माणसाला लॉगिन करायला लावलं तर तो लिहिणारच नाही, पण मॉडरेशन कायम चालू, मी वाचल्याशिवाय एकही कॉमेंट दिसत नाही. ब्लॉग फक्त निवडक वाचकांसाठी बंद करता येतो पण मग प्रत्येकाला ईमेलने बोलवावं लागतं, आणि आजीकडं कुठलं जीमेल? म्हणून तो उघडाच आहे, आणि उघडा आहे म्हणून माझे नियम कडक आहेत. चेहऱ्याचा फोटो नाही, आडनाव नाही, गावाचं नाव नाही, फक्त वहीचं पान, चित्र, मातीचं काम. पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घेते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षाखालचं लेकरू म्हणजे पालकांची संमती हवी असं आहेच, पण कायदा नसता तरी घ्यायलाच हवी ना, लेकरू त्यांचं आहे.

कमतरता म्हणाल तर पूर्वी ईमेलने नवी पोस्ट पोचायची, ती सोय २०२१ मध्ये बंद झाली, त्यामुळे लिंक ग्रुपवर टाकावीच लागते. फुकट टेम्प्लेट बाहेरच्या साईटवरून घेऊ नका, मी एकदा घेतलं तर खाली कसल्या कसल्या लिंक चिकटून आल्या, सगळं काढून ब्लॉगरचंच साधं लावलं. आणि आधीच्या शाळेतला ब्लॉग असाच बंद पडला, जीमेल एका शिक्षकाच्या नावावर, त्यांची बदली झाली, पासवर्ड कुणाकडं नाही, पाच वर्षांचं लेकरांचं लिखाण तिथंच अडकलं. म्हणून आता मुख्याध्यापक आणि अजून एक शिक्षक दोघांनाही ॲडमिन केलंय, आणि दर परीक्षेनंतर सेटिंगमधून बॅकअप उतरवून शाळेच्या कंप्युटरवर ठेवते.

माझ्याकडून पाचपैकी चार. यंदा टोळ्या निघायच्या आधी आज्ज्यांना पण लिंक उघडायला शिकवणार आहे, मागच्या वेळी शेळीची पोस्ट घरच्या आजीनेच पाहिली नव्हती.