दुर्बिणीची तपासणी: जेली लावून की पाठीत इंजेक्शन घेऊन?

लघवीतून रक्त जातं, सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीला काहीतरी दिसतं, किंवा मूतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे स्टेंट, काढायचा असतो. अशा वेळी युरोलॉजिस्ट सिस्टोस्कोपी सांगतात. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघायचं. ऐकूनच पोटात गोळा येतो. त्यात डॉक्टर विचारतात, "जेली लावून करायची, की कमरेखाली भूल देऊन?" आणि उत्तर न सुचल्याने आपण दोन दिवसांची मुदत मागून घरी येतो.

आमच्या घरात दोन्ही प्रकार झाले आहेत. आण्णांच्या मूत्राशयात गाठ निघाली, ती पाठीत इंजेक्शन देऊन काढली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी आत पुन्हा काही उगवलं नाही ना, हे बघायला जेली लावून तपासणी. ताईचा स्टेंटही जेलीवरच काढला. प्रत्येक वेळी मी सोबत होते. म्हणून जे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं, ते इथे लिहिते आहे.

"कशात कमी दुखतं?" हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आधी येतो. माझ्या मते त्याआधी विचारावं, "आत नुसतं बघायचं आहे, की काही करायचंही आहे?" बाकीचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

दोन वेगळ्या दुर्बिणी

एक दुर्बीण स्टीलची, सरळ आणि कडक असते. तिची जाडी साधारण 6 ते 7 मिलिमीटर. दुसरी लवचीक, सुमारे 5 मिलिमीटरची, आणि तिचं टोक हवं तसं वळवता येतं. पुरुषाचा मूत्रमार्ग 18 ते 20 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याला वळणं असतात. त्यातून कडक दुर्बीण घालायची तर तो मार्ग सरळ करावा लागतो, म्हणून पुरुषांना कडक दुर्बिणीसाठी बहुधा भूल देतात. बायकांचा मार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर आणि जवळपास सरळ, त्यामुळे त्यांच्यात कडक दुर्बीणही अनेकदा नुसत्या जेलीवर घालता येते. ताईचं तसंच झालं. ती आत गेली आणि मी पर्समधली फाईल नीट लावेपर्यंत बाहेर आली.

लवचीक दुर्बिणीतून स्टेंट ओढून काढता येतो, छोटा तुकडाही बायोप्सीला घेता येतो. मोठी गाठ खरवडून काढणं, खडा फोडणं, रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढणं ही कामं मात्र कडक दुर्बिणीची. तिच्यातून मोठी हत्यारं जातात आणि पाण्याचा प्रवाहही जोरात राहतो, त्यामुळे रक्त आलं तरी समोरचं दिसत राहतं. सोनोग्राफीत गाठ स्पष्ट दिसत असेल, तर आधी जेलीवर बघायचं आणि मग पुन्हा भूल घेऊन काढायचं, असे दोन हेलपाटे घालण्यात मला अर्थ वाटत नाही. थेट भुलीखाली करता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

जेलीवर नेमकं काय होतं

उपाशी राहावं लागत नाही. लघवी करून टेबलावर झोपायचं. अंगावर हिरवं कापड टाकतात, जागा औषधाने पुसतात आणि लघवीच्या मार्गात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जेली सोडतात. आधी गार लागतं, मग थोडं चुरचुरतं. जेली घातल्यावर पाच ते दहा मिनिटं थांबायला हवं. आण्णांच्या दुसऱ्या तपासणीच्या वेळी एका रुग्णालयात फार गर्दी होती. जेली घातली आणि मिनिटभरात दुर्बीण घातली. आण्णा कळवळले, पुढचे दोन महिने त्या तारखेचं नाव काढू देत नव्हते. पुढच्या खेपेला मीच विनवलं, "थोडं थांबून सुरू कराल का?" थांबले. माणूस तोच, दुर्बीण तशीच, पण त्रास निम्म्याने कमी, असं आण्णा स्वतः म्हणाले. हे मागायला संकोच करू नका.

पुरुषांना सगळ्यात अवघड जातो तो एकच क्षण. लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूतून आणि पुढे प्रोस्टेटमधून दुर्बीण जाते तेव्हाचा. घाबरून अंग आवळलं की तो स्नायूही आवळतो आणि जास्त दुखतं. आमचे डॉक्टर तेव्हा सांगतात, "काका, लघवीला बसलोय असं समजा. लांब श्वास सोडा, पायाची बोटं हलवा." त्याच वेळी सहाय्यक सलाईनची पिशवी दाबतो, पाण्याच्या दाबाने वाट उघडते आणि दुर्बीण सहज सरकते. काही सेकंदांचं काम.

नंतर मूत्राशयात पाणी भरतं आणि लघवीची घाई होते. इतकी की आता टेबलावरच होईल असं वाटतं. ते अपेक्षितच आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही. स्क्रीन आपल्या बाजूला वळवून मागितला तर बघता येतं. मूत्राशयाची निरोगी भिंत फिकट गुलाबी असते, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. त्यानंतर लघवी करायची, कपडे घालायचे, रिक्षाने घरी. डॉक्टर तिथल्या तिथे काय दिसलं ते सांगतात, ही मला या प्रकाराची मोठी जमेची बाजू वाटते.

पाठीत इंजेक्शन घेतलं तर

इथे तयारी मोठी. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, फिजिशियनचं फिटनेस, आदल्या रात्रीपासून उपास, संमतीपत्रावर सह्या. मधुमेह असेल तर उपाशीपोटी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आधी लिहून घ्या. ऑपरेशन थिएटरमध्ये पुढे वाकून बसवतात, कमरेत बारीक सुई टोचतात. पाय गरम होतात, जड होतात आणि मग आपले वाटतच नाहीत. तपासणीचं काही कळत नाही, दुखत तर अजिबात नाही.

त्याची किंमत नंतर मोजावी लागते. दोन ते चार तास पाय हलत नाहीत. रक्तदाब खाली येऊ शकतो. लघवी लगेच सुटत नाही, काहींना नळी ठेवावी लागते. थोड्यांना पुढचे काही दिवस उठून बसलं की डोकं दुखतं. सोबत माणूस हवाच, आणि दिवस मोडतो. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुसं अशक्त आहेत, अशा वयस्कर माणसाला नुसतं बघण्यासाठी या वाटेने न्यावं असं मला वाटत नाही.

दोन्हीकडे सारखं

आधी लघवीची तपासणी होते. जंतुसंसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलतात, आणि ते योग्यच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाची झडप बदलली असेल, तर आधी सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. नुसतं बघायचं असेल तर बऱ्याचदा त्या चालू ठेवतात, बायोप्सी किंवा गाठ काढायची असेल तर वेगळं ठरवतात.

नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ आणि किंचित गुलाबी रंग राहतो. पाणी भरपूर प्यायचं, पण हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते विचारून. थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली, गुठळ्या पडू लागल्या किंवा लघवी लालभडक झाली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

"सीटी स्कॅनवर भागणार नाही का?" असं नातेवाईक विचारतात. सीटीत किडनी आणि वरच्या नळ्या छान दिसतात, पण मूत्राशयाच्या अस्तरातली लहान, सपाट वाढ सुटू शकते. ती डोळ्यांनीच बघावी लागते.

खर्चात भुलीची बाजू अर्थातच जड. विम्यावर मात्र विसंबू नका. निव्वळ तपासणीसाठी भरती झालात तर अनेक पॉलिसींमध्ये दावा बसत नाही. आधी फोन करून विचारा.

भीती फारच असेल तर मधला मार्गही असतो, जेलीसोबत शिरेतून हलकं गुंगीचं इंजेक्शन. मग उपास आणि सोबतीचा माणूस आलाच, शिवाय चोवीस तास गाडी चालवायची नाही. आण्णांना मागच्या वेळी मी हे सुचवलं. ते म्हणाले, नको, मला स्क्रीन बघायचा असतो. गाठ काढली होती तिथे आता पांढरट व्रण आहे. तो दिसला की डॉक्टरांच्या आधी तेच सांगतात, "जागा साफ आहे."