चित्रांवरची चकाकी घालवणाऱ्या फिल्म: आठ महिने वापरल्यावर

बाबा कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षक होते. घरात त्यांची दीडेकशे तैलचित्रं साठलीत. त्यांचे नीट फोटो काढून ठेवायचं मी गेल्या पावसाळ्यात मनावर घेतलं आणि व्हार्निशच्या चकाकीपुढे हात टेकले. पंचगंगेच्या घाटाचं एक सांजवेळेचं चित्र आहे, खालचा अर्धा भाग जवळजवळ काळा. फोटोत तिथे नुसता पांढुरका चट्टा. दिवे दोन्हीकडून 45 अंशांत ठेवले, मागेपुढे केले. चट्टा फक्त जागा बदलायचा.

शेवटी क्रॉस पोलरायझेशनचं सामान घेतलं: दोन एलईडी दिव्यांपुढे लावायच्या दोन पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर गोल पोलरायझर. साडेतीन हजारांच्या आत झालं. फिल्ममधून उजेड एकाच दिशेत कंप पावत बाहेर पडतो. व्हार्निशवरून थेट उसळलेला उजेड ती दिशा सोडत नाही, म्हणून लेन्सवरचा फिल्टर आडवा फिरवला की तो अडतो. रंगात शिरून परतलेल्या उजेडाची दिशा विस्कटलेली असते, तो आत येतो.

पहिला रविवार वाया गेला. डावी बाजू स्वच्छ, उजवीकडे चट्टा तसाच. दोन तास दिवे हलवल्यावर लक्षात आलं, एक फिल्म उभी कापली होती, दुसरी आडवी. दोन्ही एकमेकींवर धरल्या तर अंधार! आता कोपऱ्यात मार्करने बाण काढलेत. फिल्टर किती फिरवायचा हे कळायला चित्राशेजारी स्टीलचा चमचा धरते. चमच्यातले दिवे विझले की तीच जागा. तिथे नेलपॉलिशचा ठिपका.

पण घाटाचं ते चित्र पहिल्यांदा स्क्रीनवर आलं तेव्हा काळ्यात दडलेली नाव दिसली. नाव आहे हे मी विसरूनच गेले होते.

आता तक्रारी. उजेड फार खातं. कॅमेऱ्याच्या त्याच सेटिंगवर (एफ/8, आयएसओ 100) जिथे फोटोला पंधरांश सेकंद पुरायचा, तिथे अर्धा सेकंद लागतो. ट्रायपॉड आणि टायमर हवाच, आणि आमच्या माडीवर कुणी चाललं तरी फोटो हलतो. फिल्म दिव्याला चिकटवून लावली होती, तिसऱ्या महिन्यात तिला लाटा आल्या. नवी फिल्म पुठ्ठ्याच्या चौकटीत, दिव्यापासून वीतभर पुढे बसवलीय. फिल्टरमुळे रंगाला हलकी निळसर झाक येते, म्हणून ग्रे कार्डाचा (रंग जुळवायला वापरतात त्या राखाडी कार्डाचा) फोटो फिल्टर लावूनच घ्यायचा. (आमच्या पांढऱ्यात मात्र हिरवट झाक यायची. ती खोलीच्या पिस्ता रंगाच्या भिंतीची निघाली. काळी चादर टांगली, गेली.)

सोन्याच्या कामाला हे लावूच नका. आत्याच्या तंजावर शैलीतल्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या बाळकृष्णाच्या चित्राचा फोटो काढून दिला, तर वर्ख पार काळवंडला, जणू चुलीवर धरलाय. सोनं दिसतं तेच मुळी चकाकीमुळे. तो फोटो फिल्म काढून, पांढऱ्या कापडावरून उसळलेल्या उजेडात पुन्हा काढला. बिनकाचेच्या जलरंगांनाही गरज नाही, उत्तरेच्या खिडकीपाशी काम भागतं.

खरं सांगायचं तर या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू वीस रुपयांचा खिशातला आरसा. चित्राच्या मधोमध सपाट धरायचा; त्यात लेन्स बरोब्बर मध्ये दिसली की कॅमेरा समांतर. आधी कॅनव्हासच्या कडा तिरक्या यायच्या नि मी कॉम्प्युटरवर त्या ओढत बसायचे.

सुरीने जाड रंग थापलेल्या चित्रांचा प्रश्न सुटलेला नाही. चकाकीबरोबर रंगाचे उंचवटेही जातात. तसला पहिला फोटो बाबांना दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "अगं, इस्त्री मारलीस की काय माझ्या चित्राला?" तेव्हापासून अशा चित्रांचे दोन फोटो काढते, एक फिल्म लावून, एक बाजूच्या एकाच दिव्यात. फोल्डरांची नावं 'इस्त्री' आणि 'बिनइस्त्री'. छापायला कुठला द्यायचा ते बाबा ठरवतात.