मुलांच्या सायकलची चेन सैल आणि टायर फ्रेमला घासतोय: कडी काढावी, हाफ लिंक टाकावी, नवी चेन घ्यावी की टायर बदलावा?

कोस्टर ब्रेकच्या सायकलला ब्रेक लागतो तो चेनमधूनच. पॅडल उलटं दाबलं की तो जोर चेनवरून मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) जातो आणि हबच्या आतला ब्रेक धरतो. चेन उतरली की ब्रेक गेला, आणि ज्या सायकलला हाताचा ब्रेक नाहीये तिथे उतारावर मुलाकडे थांबायला दुसरं काहीच उरत नाही. त्यामुळे "जरा सैल आहे, चालतंय की" असं म्हणून हे काम पुढे ढकलू नका प्लीज.

अडचण बहुतेकवेळा अशी असते. चेन सैल झाली म्हणून आपण मागचं चाक फ्रेमच्या खाचेत मागे मागे सरकवत जातो, एक दिवस एक्सल (चाकाच्या मधली दांडी) खाचेच्या टोकाला टेकतो आणि चेन तरीही लोंबतच असते. मग कोणीतरी सांगतं की एक कडी काढून टाक, ती काढली की चाक इतकं पुढे येतं की टायर सीटखालच्या नळीला नाहीतर मागच्या दोन नळ्यांमधल्या आडव्या पट्टीला घासायला लागतो. चेनचा ताण आणि टायरची जागा दोन्ही एकाच खाचेवर अवलंबून आहेत, म्हणून दोन्हीचा हिशोब एकदमच करायचा.

काही विकत घ्यायच्या आधी दोन मापं घ्या. पहिलं माप, टायरमध्ये पूर्ण हवा भरून चाक शक्य तेवढं मागे ओढा आणि टायर ते फ्रेम (किंवा मडगार्ड) यांच्यात पुढच्या बाजूला किती मिलिमीटर जागा आहे ते बघा, आणि हवा खरंच भरा कारण कमी हवेत टायर बारीक दिसतो आणि माप फसवं येतं. दुसरं माप चेनचं: एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २४व्या पिनेच्या मध्यापर्यंत. नव्या चेनमध्ये हे साधारण ३०५ मिमी भरतं, ३०८ च्या आसपास गेलं असेल तर चेन झिजलीये, मग कडी काढण्याच्या भानगडीत पडूच नका, सरळ नवी चेन. चेनची लांबी साधारण एक मीटर धरली तर १ टक्का झीज म्हणजे १० मिमी जास्तीची चेन, आणि ती वर-खाली दोन्ही बाजूंना वाटली जाते म्हणून चाक साधारण ५ मिमी मागे गेलेलं असतं. तेवढ्याच कड्यांची नवी चेन टाकली की हे ५ मिमी परत मिळतात, कडी तोडायची गरजच पडत नाही. फक्त मागच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकडे झालेत का तेही बघा, कारण जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते.

चेन ठीक असेल तर मग खरी निवड पूर्ण कडी की हाफ लिंक. साध्या चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून असते, त्यामुळे काढायची तर जोडीच काढावी लागते (हीच पूर्ण कडी), म्हणजे २५.४ मिमी. त्याने चाक पुढे येऊ शकतं १२.७ मिमीपर्यंत. हाफ लिंक ही एकच वाकडी कडी असते, एका बाजूने अरुंद आणि दुसऱ्या बाजूने रुंद, तुम्ही एक जोडी काढता आणि त्या जागी ही एक बसवता, म्हणजे चेन फक्त १२.७ मिमीने कमी होते आणि चाक जास्तीत जास्त ६.३५ मिमी पुढे येतं. आता पहिलं माप घ्या: घासू नये म्हणून शेवटी ५ मिमी तरी मोकळी जागा हवी असं धरलं तर १८ मिमी किंवा जास्त जागा असेल तर पूर्ण कडी बिनधास्त काढा, वेगळा पार्ट लागत नाही आणि काम सोपं. १२ ते १८ च्या मध्ये असाल तर हाफ लिंक. माझं मत विचाराल तर छोट्या सायकलींसाठी हाफ लिंक हाच सगळ्यात शहाणपणाचा उपाय आहे, लोक तिला उगाच कमजोर समजतात, नीट पिन बसवली आणि ती कडी बोटाने सहज वाकतेय ना हे तपासलं की मुलाच्या वजनाला ती व्यवस्थित पुरते. चेनच्या रुंदीचीच हवी मात्र. या सायकलींना बहुतेक १/८ इंची चेन असते, पण ३/३२ वालीही सापडते, त्यामुळे मोजून घ्या.

१२ मिमीपेक्षा कमी जागा असेल तर टायरकडे वळा. टायरच्या कडेला ५७-३०५ असं काहीतरी छापलेलं असतं, पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा रिमचा व्यास. १६ इंची सायकलला ५७-३०५ च्या जागी ४७-३०५ टाकला तर दोन्ही बाजूंना साधारण ५-५ मिमी जागा होते आणि टायरची उंचीही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे पुढच्या बाजूलाही १० मिमीच्या आसपास मोकळं होतं. दुसरा आकडा मात्र तोच पाहिजे, दुकानात "१६ इंची" एवढंच सांगून घेऊ नका कारण १६ इंची नावाखाली वेगवेगळ्या व्यासाचे टायर येतात. तोटा असा की सायकल थोडी खाली बसते, दणके जास्त जाणवतात, आणि आधाराची छोटी चाकं लावलेली असतील तर त्यांची उंची परत लावावी लागते. टायरने चेन घट्ट होत नाही हेही लक्षात ठेवा, तो फक्त कडी काढायला जागा करून देतो.

मागचं चक्र एक दात मोठं टाकणं हाही एक मार्ग, चाक साधारण ३ मिमी पुढे येतं, पॅडल हलकं होतं आणि ब्रेकचा जोरही थोडा वाढतो. पण तेवढ्यासाठी चाक खोलून चक्राला धरून ठेवणारी रिंग काढायची, मी तरी हे शेवटीच करेन.

स्प्रिंगवाला चेन टेन्शनर (चेनला दाबून ताणून धरणारा पार्ट) मात्र अजिबात नको!! गिअरच्या सायकलीवर तो चालतो म्हणून इथेही चालेल असं वाटतं, पण तो बसतो चेनच्या खालच्या बाजूला आणि उलटं पॅडल मारताना नेमकी तीच बाजू ताणली जाते. टेन्शनर ढकलला जातो, ढिलाई वरच्या बाजूला येते, आणि चेन सटकते किंवा टेन्शनर तुटतो, तेही नेमकं ब्रेक मारताना. खाचेत एक्सलला स्क्रूने मागे ओढून धरणारा अॅडजस्टर वेगळा, तो चेनला हात लावत नाही त्यामुळे कोस्टर ब्रेकला चालतो, खाच मागच्या बाजूला उघडी असेल आणि एक्सलवर नट पूर्ण बसण्याइतके आटे उरत असतील तर. पण खाच संपली असेल तर त्याचा काही उपयोग नाही, ज्यांचं चाक वारंवार सरकतं त्यांनीच घ्यावा.

आणि टायर जर पुढे न घासता एका बाजूला घासत असेल तर वरचं काहीच लागू नाही. चाक उचलून फिरवा, सतत एकाच बाजूला लागत असेल तर एक्सल तिरका बसलाय, फेरीत एकाच ठिकाणी लागत असेल तर रिमला आऊट आहे (रिम वाकडी झालीये) नाहीतर टायर रिममध्ये नीट बसला नाहीये. हे बहुतेक फुकटात सुटतं.

कुठलाही पर्याय घ्या, चाक हलवायच्या आधी डाव्या नळीला हबमधून निघणारा ब्रेकचा दांडा जिथे क्लिपने धरलाय तो स्क्रू सैल करा आणि शेवटी परत घट्ट करा. हा दांडा मोकळा राहिला तर ब्रेक मारताना तो फिरतो आणि चाक जाम होऊ शकतं, त्यामुळे ही क्लिप कधीही विसरायची नाही. चेनच्या बाजूचा नट आधी हलका कसा, मग डाव्या बाजूने चाक मधोमध आणा, मग दोन्ही नट पूर्ण कसा. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण १०-१२ मिमी हलली पाहिजे. पॅडल सावकाश पूर्ण फिरवून बघा, पुढचं चक्र बरेचदा एकदम गोल नसतं त्यामुळे चेन कुठे घट्ट तर कुठे सैल लागते, माप सगळ्यात घट्ट जागेवर धरायचं. तिथे अगदी तारेसारखी ताणलेली असेल तर बेअरिंग लवकर जातील आणि मुलाला पॅडल जड लागेल.

मुलाला बसवायच्या आधी सायकल हाताने ढकलत चालवा, पॅडल उलटं दाबून चाक लगेच थांबतंय का बघा, दांड्याची क्लिप जागेवर आहे का बघा. दोन-तीन दिवस चालवून झाल्यावर नट परत एकदा पान्याने तपासा, नवी चेन टाकली असेल तर ताणही, कारण सुरुवातीला ती थोडी बसते.