मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांपासून सावध राहा

आईचा डोळ्याचा पडदा सुटला होता. व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातली जेली काढून, आत गॅस भरून तो बसवला. नजर चांगली परत आली. पुढे वर्षभरात त्याच डोळ्याला धुरकट दिसू लागलं आणि नेमकं तेव्हाच गावातल्या एका 'बिनऑपरेशन मोतीबिंदू' शिबिरात तिला गाठलं. पांढरा कोट घातलेला माणूस म्हणाला, "मावशी, पडद्याच्या डॉक्टरांनी डोळा बिघडवला. आता पुन्हा हात लावू देऊ नका." आणि थेंबांच्या बाटल्या गळ्यात मारल्या. पेन्शनचे पैसे गेले, पावती नाही.

डोळा कुणी बिघडवला नव्हता. पन्नाशीनंतर व्हिट्रेक्टॉमी झालेल्या बहुतेकांना साधारण दोन वर्षांत मोतीबिंदू होतो. डोळ्यातली जेली प्राणवायूला भिंगापासून लांब ठेवते; ती काढली की तो भिंगापर्यंत पोचतो आणि भिंग लवकर गढूळ होतं. ऑपरेशनआधी हे सांगितलं जातं, पण पडदा वाचवायच्या घाईत घरच्यांच्या डोक्यात राहत नाही. हे लोक त्याचाच फायदा घेतात.

खरी लबाडी पुढे झाली. काही आठवड्यांनी आई चष्म्याशिवाय पेपर वाचू लागली! तो माणूस फोनवर म्हणाला, "बघा, गुण आला." आम्हा सगळ्यांना तो पुरावाच वाटला. प्रत्यक्षात मोतीबिंदू वाढताना भिंगाचा मधला भाग घट्ट होतो, चष्म्याचा नंबर उणेकडे सरकतो आणि जवळचं काही काळ बरं दिसतं. लांबचं मात्र बिघडतच जातं. आजार वाढत होता आणि त्याचेच पैसे औषधाच्या नावावर घेतले जात होते. याचा मला आजही संताप येतो.

शेवटी डॉक्टरांना आतला पडदाच दिसेना, सोनोग्राफी करावी लागली. जेली नसलेल्या डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मुळात जपून करावं लागतं, त्यात तो कडक झालेला. ते नीट पार पडलं, आईला आता दिसतं.

मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले थेंब आज नाहीत. तो बरा करण्याची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. असं पत्रक हाती आलं तर फोटो काढा, बाटलीचं लेबल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. शिवाय पडद्याचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात अचानक चमका किंवा काळी सावली दिसली, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा, मग थेंब विकणारा काहीही सांगो.