आधी नालबंद शोधा, मग तट्टू: भीमथडी घोडी पाळल्यानंतरचा अनुभव

मुलीसाठी भीमथडी, म्हणजे आपल्या दख्खनच्या काटक जातीची घोडी घेतली, त्याला तिन्ही ऋतू होऊन गेले. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "कितीला पडली?" नालबंद, म्हणजे खूर साळून नाल ठोकणारा, कुठून आणता, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथंच.

नाल ठोका वा ठोकू नका, खूर वाढतच राहतात. दीड-दोन महिन्यांनी ते साळावेच लागतात. आमच्या शिरूर भागात बैलांना पत्री (बैलाची नाल) मारणारे मिळतात, पण बैलाचा खूर दुभंगलेला आणि घोड्याचा अखंड, त्यामुळे ते काम वेगळं. आम्हाला नालबंद मिळाला तो वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांकडून. माणूस कामाचा पक्का, पण लग्नसराईत फोन उचलत नाही. पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुराच्या तळव्याला काळी, घाण वासाची सड लागते, म्हणून रोज खूर उचलून साफ करणं आलंच. चारही पाय मुकाट उचलू देणारी घोडी असेल तर तिच्या बाकीच्या खोड्या माफ.

डॉक्टरांचंही तसंच. गाई-म्हशींचे डॉक्टर गावोगाव आहेत. घोड्याला हात लावणारे कोण, हे आधी विचारून ठेवा. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटशूळ उठला की तो जिवावर बेततो. घोडी वळून कुशीकडे बघते, पुढच्या पायानं जमीन उकरते, लोळते, लीद बंद होते. यातलं काही दिसलं की सकाळपर्यंत बघू असं म्हणायचं नाही. धनुर्वाताची लस दरवर्षी लागते. जंताचं औषध आणि दातांची तपासणीही आहेच.

खाण्याबाबत मात्र आमच्याकडे सगळे पाहुणे तज्ज्ञ आहेत. चणे द्या, घास द्या, गूळ द्या! घोडी विकणारे धनगर मामा जाताना एवढंच म्हणाले होते, "ताई, हिला लई चारू नका, पाय जातील." शब्दशः खरं आहे. ही जात मेंढरांमागे बिऱ्हाड वाहत, माळावरचं गवत खाऊन तगलेली. तिला भरपूर धान्य आणि लसूणघास मिळाला, तर खुराच्या आत सूज येऊन ती कायमची लंगडी होऊ शकते. याला लॅमिनायटिस म्हणतात. म्हणून आमच्याकडे मुख्य आहार सुकं गवत, दिवसभर थोडं थोडं. तोबरा, म्हणजे तोंडाला पिशवी बांधून द्यायचं धान्य, अगदी हलका. चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलतो. शेजारच्या गोठ्यातली किंवा पोल्ट्रीतली पोती मात्र तिच्यापासून लांब ठेवा. तसल्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते गुरांना, कोंबड्यांना चालतं, पण घोड्याला ते विष आहे.

आमच्या भागात आणखी एक भानगड म्हणजे बिबट्या. जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या उसात तो आहेच, त्यामुळे उघड्या दावणीला रात्री घोडी बांधणं शक्य नाही. चारी बाजूंनी जाळी मारलेला, वर छप्पर असलेला निवारा आधी बांधला, घोडी नंतर आली. एकटी असली की ती सारखी खिंकाळायची, म्हणून सोबतीला शेळी आणली. आता शेळी दिसेनाशी झाली की घोडी जेवण सोडते. म्हणजे दोन जनावरांचा संसार झाला, हे हिशेबात धरा.

मुलीचा हिशेब वेगळाच. खोगिरासकट स्वाराचं वजन जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावं, असा साधारण दंडक आहे. अडीचशे किलोच्या घोडीवर पन्नास किलो, बास. म्हणजे मुलगी अकरावीत जाईतो बसणं संपणार. घोडी मात्र पंचवीस-तीस वर्षं जगू शकते. मुलगी कॉलेजला पुण्याला गेल्यावर खरारा कोण करणार, हे घरात आधीच ठरलंय: मी. नवऱ्यानं लीद उचलण्याचं कबूल केलंय, लेखी नाही.

एवढं करून घोडी कशी आहे? सोन्यासारखी. खडकाळ वाटेवर पाय घसरत नाही, ट्रॅक्टरला बुजत नाही, मुलीच्या हाताखाली शांत असते. पण गावाला जायचं तर तिच्याकडे बघणारा माणूस आधी ठरवावा लागतो. फक्त रविवारी बसायची हौस असेल, तर रायडिंग क्लबची फी स्वस्त पडेल.

तरीही घ्यायचीच असेल, तर मालकाच्या दारात दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. कडक जमिनीवर चालवून, दुडकीवर पळवून लंगड तपासा. वय दातांवरून कळतं, पण पाच वर्षांपर्यंतच नीट. सगळे पक्के दात आले की पुढं अंदाजच. अंगावरचे केसांचे भोवरे शुभ की अशुभ यावर तास घालवणारे भेटतील, तेवढ्यात तुम्ही खूर बघून घ्या. आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जरूर जा, तापीकाठचा तो घोडेबाजार बघण्यासारखाच आहे. पण पहिली घोडी तिथून आणू नका. गर्दीत, अनोळखी जागी उभ्या जनावराचा रोजचा स्वभाव दिसत नाही.